रात्रीची जाग: मोजली कोणी, कशी?

"रात्री किती वेळा जाग आली?" हा प्रश्न साधा वाटतो. पण स्लीप अ‍ॅप्नियावर, म्हणजे झोपेत वारंवार श्वास अडण्याच्या आजारावर काम करायचं ठरवलंत, तर पहिली अडचण इथेच येते.

समजा, आमच्या श्रीगोंदा तालुक्यातल्या काष्टीचा एक शेतकरी रोज सीपॅप लावून झोपतो. सीपॅप म्हणजे मास्कमधून सतत दाबाने हवा देऊन घसा उघडा ठेवणारं मशीन. सकाळी स्क्रीनवर दिसतं: एएचआय ३. म्हणजे तासाला सरासरी ३ वेळा श्वास थांबला किंवा मंदावला. ५ च्या आत, म्हणजे उत्तम. पण तो म्हणतो, "चार-पाच वेळा तरी जाग येते." आता खरं कोणाचं मानायचं? त्यासाठी थोडं मागे जाऊ.

हान्स बर्गरने माणसाच्या मेंदूच्या विद्युतलहरी पहिल्यांदा नोंदवल्या १९२४ साली आणि प्रसिद्ध केल्या १९२९ मध्ये. त्यानंतर झोप कागदावर दिसू लागली. १९६८ मध्ये रेक्टशाफन आणि केल्स यांच्या नियमपुस्तिकेने रात्रीची नोंद २० किंवा ३० सेकंदांच्या तुकड्यांत वाचायची पद्धत पक्की केली. एका तुकड्याला एकच नाव. निम्म्याहून जास्त वेळ झोप असेल, तर सगळा तुकडा झोपेचा. मग मधली पाच सेकंदांची जाग कुठे गेली? हिशेबातून गायब!

गंमत बघा. १९६५ मध्येच फ्रान्समध्ये गास्तो आणि सहकाऱ्यांनी, तर जर्मनीत युंग आणि कूलो यांनी झोपेत श्वास थांबण्याच्या नोंदी प्रसिद्ध केल्या होत्या. या आजारात नेमकी अशीच छोटी जाग येते. घसा बंद होतो, मेंदू काही सेकंद जागा होतो, घसा उघडतो, माणूस पुन्हा झोपतो. सकाळी त्याला काहीच आठवत नाही. ही छोटी जाग मोजायचा नियम १९९२ मध्ये अमेरिकन स्लीप डिसऑर्डर्स असोसिएशनने दिला: आधी किमान १० सेकंद झोप, मग मेंदूच्या लहरींत किमान ३ सेकंदांचा बदल. हे ३ सेकंद निसर्गाने ठरवलेले नाहीत. त्याहून छोट्या बदलांवर दोन तपासनिसांचं एकमत होणं अवघड, म्हणून माणसांनी आखलेली ती रेघ आहे.

आता मशीनकडे येऊ. १९८१ मध्ये सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी 'लॅन्सेट'मध्ये ५ रुग्णांवरचा सीपॅपचा प्रयोग मांडला. त्याआधी गंभीर रुग्णांसाठी मुख्य उपाय होता गळ्याला छिद्र पाडण्याचा. पुढे प्रश्न आला: रुग्ण मशीन खरंच लावतात का? १९९३ मध्ये क्रिब्स आणि सहकाऱ्यांनी ३५ रुग्णांचा वापर यंत्राने नोंदवला, आणि रुग्ण सांगतात त्यापेक्षा प्रत्यक्ष वापर कमी निघाला. म्हणजे सीपॅपची वापरनोंद 'लावलं का?' या प्रश्नासाठी वाढली, 'जाग आली का?' यासाठी नाही. घरचं मशीन हवेचा प्रवाह, दाब आणि गळती बघतं. मेंदूच्या लहरी ते बघतच नाही.

परिणाम आकड्यांत पाहा. मशीन ८ तास चालू, २४ घटना: एएचआय ३. पण माणूस त्यातले ३ तास जागाच असेल आणि सगळ्या घटना झोपेतल्याच असतील, तर २४ भागिले ५, म्हणजे ४.८. घटना त्याच, भाजक बदलला. शिवाय जागेपणीचा अनियमित श्वासही कधी कधी घटना म्हणून मोजला जातो, ते वेगळंच.

आणि काष्टीसारख्या गावात जाग फक्त घशामुळे येत नाही. शेतीपंपाची वीज पाळीने येते. रात्रीची पाळी असली की उसाला पाणी द्यायला, दारं धरायला उठावंच लागतं. घरची लाइट गेली आणि बॅटरी नसली, तर मशीन बंद पडून झोपमोड होते. मशीनच्या नोंदीत या दोन्ही ठिकाणी नुसता खंड दिसतो. कारण शोधायचं काम तुमचं.

व्याख्येने आकडा किती हलतो, हे मुंबईत दिसलं आहे. हिंदुजा हॉस्पिटलचे डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ६५८ जणांनी प्रश्नावली भरली, २५० जणांची घरी झोपेची तपासणी झाली. झोपेत श्वास बिघडण्याचं अंदाजित प्रमाण निघालं १९.५ टक्के. त्यालाच 'दिवसा जास्त झोप येणं' ही अट जोडली की ७.५ टक्के!

म्हणून संशोधनाचा आराखडा लिहिताना 'जाग' हा एकच रकाना ठेवू नका. रुग्णाला आठवलेली जाग, मशीनच्या नोंदीतला खंड आणि मेंदूच्या लहरींवरची जाग, हे तीन वेगळे रकाने करा. शेजारी लाइट जाण्याची आणि पाण्याच्या पाळीची वेळ लिहा. मग काष्टीचा शेतकरी आणि त्याचं मशीन, दोघंही खरं बोलत असल्याचं दिसू शकेल. एवढंच की, दोघं वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत असतात.