बाळ, बाळंतीण आणि समाजाचें देणें

मातृप्रेमाचें स्तोत्र आमच्या वाङ्मयांत पुष्कळ आहे. परंतु तें प्रेम करणाऱ्या स्त्रीच्या अंगांत त्राण कोठून यावें, हा प्रश्न आमच्या विचारवंतांस फारसा पडलेला दिसत नाहीं. आमच्या चिपळूणकडील जुन्या रीतींत त्याचें एक उत्तर होतें. मुलगी बाळंतपणास माहेरीं येई; सुईण बाळाला न्हाऊं घाली तशी बाळंतिणीलाही घाली, शेक देई, आणि वडीलधाऱ्या बायका तिला पथ्याचें रांधून वाढीत. बाळाला आईनें सांभाळावें आणि आईला इतरांनीं, असा तो हिशेब. तो सर्वांच्याच वांट्यास आला असें नव्हे, आणि त्याचें सारें ओझें बायकांच्याच माथीं होतें, हेंही येथें नमूद केलें पाहिजे.

हा हिशेब मुंबईच्या गिरण्यांत मोडला. रत्नागिरी जिल्ह्यानें त्या गिरण्यांस हजारों कामगार पुरविले. बहुतेक पुरुष एकटेच जात. पण ज्या बायका पोटासाठीं तेथें गेल्या, त्यांतील बऱ्याच जणी सूत गुंडाळण्याच्या खात्यांत राबल्या. माहेर दूर राहिलें आणि रोजमजुरी बुडवून चालेना. तेव्हां तान्ह्या मुलास अफूची ‘बाळगोळी’ देऊन निजविण्याची चाल कामगारवस्तींत पडली. त्या मातेस निर्दय म्हणणें सोपें आहे. आमच्या मतें, दोष द्यावयाचाच तर तिचा सबंध दिवस ज्यांनीं विकत घेतला त्यांस प्रथम द्यावा.

१९२८ सालीं मुंबई कायदे कौन्सिलांत प्रसूति-साहाय्याचें बिल आलें, तेव्हां डॉ. आंबेडकरांनीं याच मर्मावर बोट ठेवलें. प्रसूतीच्या आधीं व नंतर स्त्रीस विश्रांति मिळणें राष्ट्राच्या हिताचें आहे. म्हणून त्याचा भार मुख्यतः सरकारनें उचलावा, आणि तिच्या श्रमांचा लाभ घेणाऱ्या मालकानेंही आपला वांटा द्यावा, असें त्यांचें प्रतिपादन होतें. १९२९ सालीं कायदा होऊन गिरणीतील बाळंतिणीस रोज आठ आणे मिळूं लागले. त्याच वर्षीं एप्रिलांत डॉक्टरसाहेब चिपळुणास शेतकरी परिषदेचे अध्यक्ष म्हणून आले आणि त्यांनीं खोतीविरुद्ध आवाज उठविला. हे दोन प्रश्न वेगळे नव्हते. खोताच्या जमिनीवर पोट भरेना, म्हणूनच अनेक कुटुंबें गिरणीच्या वाटेला लागलीं होतीं.

पुढें १९९९ सालीं ईव्हा किटे या अमेरिकन तत्त्वज्ञ बाईंनीं स्त्रीवादी नीतिविचार मांडतांना बाळंतिणीच्या परिचारिकेचाच दृष्टांत घेतला. अर्भक परावलंबी असतें; त्याला सांभाळणारी स्त्रीही त्यामुळेंच परावलंबी होते; तिला सांभाळणें हें समाजाचें कर्तव्य होय, असा त्यांचा सिद्धान्त. आमच्या सुइणीस तो नवा वाटला नसता.

१९६१ सालीं देशव्यापी कायदा झाला. २०१७ च्या दुरुस्तीनें पहिल्या दोन मुलांसाठीं पगारी रजा २६ आठवड्यांची झाली. पण पगारी रजा पगारदार स्त्रीचीच. दुसऱ्याच्या शेतांत लावणीला वांकणारी, दुसऱ्याच्या घरीं भांडीं घासणारी तिला मुकतेच. तिच्या पाठीवर मायेचा हात फिरविणारे पुष्कळ भेटतील. तिच्या बुडालेल्या रोजाचा हिशेब कोण चुकता करणार, एवढेंच आम्ही विचारतों.