उत्तरेचा किनारा आणि नाशिकची मुलं

नाशिकला समुद्र नाही. आपली गोदावरी त्र्यंबकला उगम पावते आणि जवळच्या अरबी समुद्राकडे पाठ करून बंगालच्या उपसागराकडे निघते. त्यामुळे समुद्रप्रवासाच्या इतिहासावर नाशिककरानं बोलावं हे जरा विचित्र वाटेल. पण आज ज्या किनाऱ्याबद्दल बोलायचं आहे त्याची वाट शरणपुरातून जाते. शरणपूर रोडवरून आपण रोज जातो-येतो, पण 'शरण' कुणाला दिलं होतं, हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही.

आधी तो किनारा कुठला ते पाहू. नकाशावर झांझिबार शोधा आणि तिथे उभं राहून उत्तरेकडे तोंड करा. मोंबासा लागेल, मग मालिंदी, मग लामू. लामूच्या पुढे वस्ती विरळ होत जाते. ब्रावा, मोगादिशू, आणि मग रास हाफूनपर्यंत सोमाली किनाऱ्याची कोरडी, उजाड पट्टी. तिथून वळसा घातला की एडन, आणि अरबस्तानच्या कडेकडेने मस्कत. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश आरमाराची जहाजं या उत्तरेच्या किनाऱ्यावर महिनोन् महिने घिरट्या घालत होती. काय शोधत होती? माणसं भरलेली गलबतं.

यात कायद्याची एक गंमत आहे, गंमत म्हणायचं ते नाइलाजानं. १८४५ साली झांझिबारच्या सुलतानाशी इंग्रजांनी करार केला. त्याच्या आफ्रिकेतल्या मुलखाबाहेर गुलाम न्यायचे नाहीत, असं त्यात ठरलं. म्हणजे मुलखाच्या आत न्यायला हरकत नाही. दक्षिणेच्या किल्वापासून लामूपर्यंत माणसं भरलेलं गलबत कायदेशीर, आणि तेच गलबत लामू ओलांडून उत्तरेला सरकलं की बेकायदेशीर! त्यामुळे युद्धनौका दबा धरून बसायच्या त्या लामूच्या वर. गलबतं यायची ती नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यावर. तोच वारा, ज्याची आपण जूनमध्ये वाट बघतो. तो सुरू झाला की ही गलबतं शिडं उभारून उत्तरेकडे सुटायची. ऐन जून-जुलैत सोमाली किनाऱ्यावर दर्या फार खवळतो, म्हणून त्याच्या अलीकडचे नाहीतर पलीकडचे आठवडे गाठायचे. वाऱ्याचं हे वेळापत्रक पकडणाऱ्याला पाठ होतं आणि पळणाऱ्यालाही.

या गस्तीच्या आठवणी दोन कप्तानांनी लिहून ठेवल्या आहेत. 'डॅफ्नी' जहाजाचा जॉर्ज सलिव्हन आणि 'ड्रायड'चा फिलिप कोलोम्ब. दोघांचीही पुस्तकं १८७३ सालची, आणि वाचायला फार चटकदार आहेत. ऊन, वाळू, जहाजापासून दूर पाठवलेल्या छोट्या होड्या, त्यांतले दिवस दिवस ताटकळणारे खलाशी, क्षितिजावर एक शीड दिसलं की उडणारी धांदल. १८६८ साली 'डॅफ्नी'च्या डेकवर काढलेले फोटो प्रसिद्ध आहेत. सुटका झालेली मुलं एकमेकांना चिकटून बसली आहेत, गुडघे पोटाशी, बरगड्या मोजता येतील अशा. सलिव्हननं दुभाष्यामार्फत काहींची हकीकत विचारून लिहून घेतली, हे त्याच्या पदरात टाकलं पाहिजे. पण या पुस्तकांचा नायक जहाज आहे. पकडलेल्या गलबतामागे आणि सुटलेल्या माणसामागे आरमाराला बक्षिसाची रक्कम मिळत असे, तेव्हा मोजणी काटेकोर. किती पुरुष, किती बायका, किती मुलं. गलबत जाळलं, माणसं एडनला, सेशल्सला किंवा मुंबईला उतरवली, आणि कप्तानाची गोष्ट संपली.

आपली गोष्ट तिथे सुरू होते.

मुंबईला उतरलेल्या मुलांचं करायचं काय? घरी पाठवायचं तर घर कुठे? कुणी न्यासा सरोवराच्या काठचा, कुणी त्याहून आतल्या मुलखातला. सात-आठ वर्षांचं पोर गावाचं नाव सांगेल, पण ते गाव कुठल्याच नकाशावर नाही. चर्च मिशनरी सोसायटीचे विल्यम प्राइस यांनी १८५४च्या सुमारास नाशिकजवळ एक ख्रिस्ती वस्ती वसवली होती. तेच शरणपूर. १८६०च्या आसपास या आफ्रिकी मुलांची सोय तिथे झाली. इंग्रजी लिहिणं-वाचणं, सुतारकाम, लोहारकाम. नावंही नवी मिळाली, बायबलातली आणि इंग्रजी. जेकब वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन, कॅरस फरार, एडवर्ड गार्डनर. आईबापांनी ठेवलेली नावं मागे पडली. वेलिंग्टनचं आपल्याला माहीत आहे, तो होता चेंग्विम्बे, याओ जमातीचा. सह्याद्रीच्या या बाजूला, समुद्रापासून दूर, ही मुलं मोठी झाली. इंग्रजी कागदपत्रांत त्यांना 'नासिक बॉइज' म्हणतात. पुढे पंचविशीचे बाप्ये झाले तरी ते 'बॉइज'च राहिले.

आता लिव्हिंगस्टन. जून १८६४ मध्ये तो मुंबईला आला तो 'लेडी न्यासा' नावाच्या लहानशा आगबोटीतून. सरोवरात चालवण्यासाठी बांधलेली बोट त्यानं झांझिबारहून भर समुद्रात घातली. अडीच हजार मैल, पंचेचाळीस दिवस, पावसाळा डोक्यावर, कोळसा तुटपुंजा, आणि बरोबरच्या आफ्रिकी माणसांनी त्याआधी समुद्र पाहिलेला नव्हता. बोट इतकी लहान की मुंबई बंदरात आली तरी कुणाचं लक्ष गेलं नाही, असं त्यानंच लिहिलंय. त्या बोटीवर चुमा आणि विकातानी नावाची दोन पोरं होती. ती मुंबईत डॉ. विल्सन यांच्या शाळेत राहिली. पुढच्या वर्षी लिव्हिंगस्टन पुन्हा आला. मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रियर त्याच्या पाठीशी होते. तो नाशिकला आला आणि शरणपुरातून त्यानं नऊ जण निवडले.

५ जानेवारी १८६६. 'थुले' नावाच्या जहाजातून मंडळी मुंबईहून निघाली आणि तेवीस दिवसांनी झांझिबारला लागली. तिथून 'पेंग्विन' या युद्धनौकेनं त्यांना रोवूमा नदीच्या मुखाकडे नेलं, आणि मार्चअखेर ती मिकिंदानी बंदरात उतरली. बरोबर काय नव्हतं! तेरा शिपाई, सहा उंट, तीन म्हशी आणि एक रेडकू, दोन खेचरं, चार गाढवं. त्सेत्से माशीच्या मुलखात ही जनावरं टिकतात का, हे त्याला बघायचं होतं. टिकली नाहीत. माशीपेक्षा शिपायांनी मारहाण करूनच त्यांचा जीव घेतला, अशी त्याची तक्रार आहे. नाशिकच्या मुलांबद्दलही तो कुरकुरतो. आळशी आहेत, खोटं बोलतात. त्याची रोजनिशी वाचणाऱ्या अनेकांनी हेच उचललं, आणि मुलांची ओळख तेवढीच राहिली.

पण त्याच रोजनिशीत त्याच वर्षीचा एक प्रसंग आहे. वाटेत एका याओ गावात अब्राहमला त्याचा मामा भेटला. शरणपुरात शिकलेला, इंग्रजी नावाचा हा तरुण आणि त्याचा सख्खा मामा. मामानं सांगितलं, तुझ्या मागून तुझी आई आणि बहिणीही विकल्या गेल्या. राहा इथेच, म्हणून आग्रह केला. अब्राहम राहिला नाही, पुढे चालू लागला. लिव्हिंगस्टननं हे थोडक्यात नोंदवलं आहे. मला विचाराल तर त्या पूर्ण मोहिमेतला शोध लागण्याचा खरा क्षण हाच. नकाशावर नसलेलं एक गाव सापडलं होतं, पण ज्यांच्यासाठी ते घर होतं ती माणसं तिथे नव्हती.

त्याच वर्षी आणखी एक घटना घडली, ती लक्षात ठेवा. कोमोरो बेटांवरचे काही हमाल पळून किनाऱ्यावर परतले आणि लिव्हिंगस्टन मारला गेला, अशी थाप मारून त्यांनी पगार मागितला. इंग्लंडात खळबळ उडाली. शोधमोहीम पाठवावी लागली, आणि मग थाप उघडी पडली.

१८७२ साली शरणपूरचे आणखी सहा जण लिव्हिंगस्टनकडे गेले. जेकब वेनराइट त्यांतलाच. मे १८७३ मध्ये, आजच्या झांबियातल्या चितांबोच्या गावी लिव्हिंगस्टन वारला. जेकबला लिहिता-वाचता येत होतं, म्हणून पेट्यांतल्या सामानाची यादी त्यानं केली. हृदय आणि आतडी झाडाखाली पुरली, तेव्हा प्रार्थना त्यानं वाचली. झाडावर नाव आणि तारीख कोरली तीही त्यानंच. खोडावर ४ मे आहे, छापील रोजनिशीत मृत्यू १ मेचा. या तीन दिवसांवर अभ्यासकांनी बरीच शाई खर्च केली आहे. खोडाचा तो तुकडा पुढे लंडनला रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीत नेऊन ठेवला. शरणपुरात गिरवलेली अक्षरं आहेत ती.

नंतर देह मीठ लावून उन्हात वाळवला, कापडात आणि झाडाच्या सालीत गुंडाळला, आणि हजार मैलांहून जास्त वाट तुडवून समुद्राकडे नेला. सुसी आणि चुमा पुढारी, बरोबर बायका, मुलं, हमाल. उन्यान्येंबे इथे कॅमेरॉन हा इंग्रज अधिकारी भेटला. त्यानं सुचवलं, इथेच पुरा. ते ऐकले नाहीत. पुढच्या गावच्या लोकांना प्रेत नेलेलं चालेना, तेव्हा त्यांनी एक खोटं गाठोडं तयार केलं, प्रेत परत पाठवतोय असा देखावा करून काही माणसं उलटी धाडली, आणि खरा देह व्यापारी कापडाच्या गठ्ठ्यासारखा बांधून पुढे काढला.

हे का केलं? इंग्रजी पुस्तकं म्हणतात, स्वामिनिष्ठा. त्यांना दिलेल्या पदकावरही शेवटपर्यंत एकनिष्ठ अशा अर्थाचे शब्द आहेत. निष्ठा असेलही, मी नाकारत नाही. पण सुसी आणि चुमा १८६६ पासून बरोबर होते, ती थाप त्यांना ठाऊक होती. साहेब मेला असं आफ्रिकी माणसानं किनाऱ्यावर येऊन नुसतं सांगितलं तर काय होतं, हे त्यांनी पाहिलं होतं. त्यांच्या शब्दाला किंमत नव्हती, म्हणून पुरावा खांद्यावर आणावा लागला. माझ्या मते हा निर्णय शहाण्या, व्यवहार जाणणाऱ्या माणसांचा आहे, आणि तो निष्ठेच्या खात्यात टाकून आपण त्यांची अक्कल हिरावून घेतो.

फेब्रुवारी १८७४ मध्ये ते बागामोयोला, समुद्रावर पोहोचले. तिथे बहुतेकांचा हिशेब चुकता करून त्यांना घरी जायला सांगितलं. जेकब मात्र मिशननं खर्च केल्यामुळे देहाबरोबर इंग्लंडला गेला. १८ एप्रिलला वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये शवपेटीसोबत चालणाऱ्या आठ जणांत स्टॅन्ले होता, डॉ. कर्क होते, आणि शरणपूरचा जेकब वेनराइट होता.

आणि जेकबनं रोजनिशी लिहिली होती, स्वतःची, इंग्रजीत. १८७४ सालीच तिचा जर्मन अनुवाद एका भूगोलविषयक मासिकात आला. मूळ इंग्रजी हस्तलिखित वाचकांपुढे यायला मात्र फार वर्षं गेली. कॅरस फरारनंही आपली हकीकत लिहिली, ती १९५०मध्ये युगांडातल्या एका नियतकालिकात छापली गेली. आपण मराठीत प्रवासवर्णनाचा इतिहास सांगताना गोडसे भटजींपासून सुरुवात करतो, ते योग्यच आहे. पण नाशिकपुरतं बोलायचं तर शरणपुरातून निघालेल्या या दोन प्रवासवर्णनांची आठवण ठेवायला नको का? मराठीत नसली म्हणून काय झालं.

आता पुन्हा उत्तरेच्या किनाऱ्याकडे. शरणपूरची माणसं तिथे आधीच पोहोचली होती. विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर १८६४ सालीच मोंबासाजवळच्या रबाई इथे गेले होते. ५ जून १८७३ला झांझिबारच्या सुलतानानं समुद्रमार्गे होणारा गुलामांचा व्यापार बंद करण्याचा करार केला. त्यासाठीची बोलणी आधी केली ती फ्रियर यांनी, तेच आपले मुंबईचे माजी गव्हर्नर, पण सुलतानाची सही अखेर मिळवली ती डॉ. कर्क यांनी. लामूच्या अलीकडचं आणि पलीकडचं ही भानगड कायद्यातून गेली. मग सुटका झालेल्यांसाठी वस्ती हवी, म्हणून प्राइस यांना पाठवलं, आणि १८७५ साली मोंबासा बेटासमोर, उत्तरेच्या बाजूला, फ्रियर टाउन उभं राहिलं. सुमारे दीडशे जण हिंदुस्थानातून तिथे गेले. तिथे त्यांना नाव पडलं 'बॉम्बे आफ्रिकन्स'. नाशिकला ते आफ्रिकी होते, आफ्रिकेत मुंबईचे झाले.

तिथे सगळं गोड चाललं असं समजू नका. शिकलेल्या आफ्रिकी सहकाऱ्याला गोऱ्या मिशनऱ्याच्या बरोबरीनं वागवायचं की नाही, यावर खटके उडत. जोन्स यांचं काम मात्र डोळ्यांत भरतं. ते पुढे पाद्री झाले, १८८५मध्ये बिशप हॅनिंग्टन यांच्याबरोबर युगांडाच्या वाटेवर गेले. बिशप मारले गेल्यावर उरलेल्या माणसांना जोन्स यांनीच किनाऱ्यावर परत आणलं. रबाईत त्यांच्या काळात मालकांकडून पळून आलेले गुलाम आश्रयाला येत राहिले. मालकांनी ओरड केली, मिशनची अडचण झाली. अखेर ब्रिटिश कंपनीनं मालकांना भरपाई दिली, आणि १ जानेवारी १८८९ला चौदाशेहून अधिक माणसांना मुक्ततेचे कागद मिळाले. 'शरण' हा शब्द घेऊन गेलेल्या माणसानं तो तिथे वापरला, असं म्हणायला माझी हरकत नाही.

जेकब वेनराइट १८९२ साली किनाऱ्यापासून दूर, उरांबो इथे वारला. मॅथ्यू वेलिंग्टन, म्हणजे चेंग्विम्बे, मोंबासात राहिला तो १९३५ पर्यंत. लिव्हिंगस्टनच्या त्या शेवटच्या प्रवासातला जिवंत माणूस म्हणून लोक त्याला भेटायला यायचे, आणि तो आठवणी सांगायचा.

फ्रियर टाउनमध्ये एक घंटा होती. गुलाम पकडणाऱ्यांची गलबतं दिसली की ती वाजवायची, म्हणजे लोक सावध होत. स्वाहिलीत घंटेला म्हणतात 'केंगेले'. त्या चौकाला मोंबासात आजही केंगेलेनी म्हणतात, आणि घंटेचा छोटा मनोरा रस्त्याच्या कडेला उभा आहे.