आफ्रिकी बुटका खंड्या

ॲल्सिडिनिडी कुलातील पक्षी. शास्त्रीय नाव इस्पिडिना पिक्टा (बोडार्ट, 1783). सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील वनांत व झाडोऱ्याच्या माळरानांत आढळतो. लांबी जेमतेम 12 सेंमी. पाठ गडद निळी, पोट नारिंगी, गळा पांढरा, चोच व पाय तांबडे. पिल्लांची चोच मात्र काळपट असते.

मॅलाकाइट खंड्याशी याची नेहमी गल्लत होते. ओळखायचे तर डोळ्याकडे पाहावे. मॅलाकाइटच्या डोक्याची निळाई थेट डोळ्याला भिडते; याच्या डोळ्यावर नारिंगी भुवई आडवी येते आणि कानापाशी जांभळट झाक दिसते. ही झाक ऊन असेल तरच नीट कळते, त्यामुळे भुवईवर भिस्त ठेवलेली बरी.

खंड्या असूनही याला पाण्याची फारशी गरज नाही. खालच्या फांदीवर बसून तो नाकतोडे, कोळी, क्वचित लहान सरडे टिपतो. मोठे भक्ष्य फांदीवर आपटून मगच गिळतो. मातीच्या दरडीत, वाळवीच्या वारुळात किंवा आर्डव्हार्कच्या बिळाच्या छतात बोगदा कोरून मादी पांढरी अंडी घालते. दक्षिण आफ्रिकेत हा सप्टेंबरच्या सुमारास येतो व एप्रिलपर्यंत परततो. स्थलांतर रात्री होते. वाटेत खिडक्यांच्या काचांवर आदळून काही पक्षी मरतात.