छोट्या कुत्रीची नसबंदी: भीती आणि इतिहास

गोंदियातल्या घरात आपल्या पामेरियन मादीची नसबंदी करायची म्हटलं, की तुमच्या पोटात गोळा येतो ना? मग थोडा इतिहास ऐका. १८३२ साली मुंबईत भटकी कुत्री मारण्याच्या हुकुमाविरुद्ध पारशी रस्त्यावर उतरले, दंगल झाली. तरी कुत्री मारणं विसाव्या शतकातही चालूच होतं. २००१ च्या केंद्रीय नियमांनी भटक्या कुत्र्यांसाठी नसबंदी आणि रेबीजची लस हा मार्ग घालून दिला. म्हणजे नसबंदी नियमांत आली ती जीव वाचवायला! तुमच्या मादीलाही तिचा फायदा आहे: गर्भाशयात पू होणं टळतं, तो आजार जिवावर बेततो. लहान चणीचं अंग मात्र भुलीत लवकर गार पडतं, पिल्लाची साखरही उतरते. म्हणून किती तास उपाशी ठेवायचं, हे पशुवैद्यांना आधीच विचारा.