गादी किती किलोची?



आज गादीबद्दल बोलायचं आहे. राजाच्या गादीबद्दल नाही, आपण रात्री पाठ टेकतो त्या गादीबद्दल. राजगादीचा इतिहास शाळेत शिकवतात, अंथरुणाचा कुणी शिकवत नाही. पण तो माहीत असला तर आज मोबाइलवरून गादी मागवताना फार उपयोगी पडतो.

हा विषय घ्यायचं कारण आपल्या बैठकांमध्येच आहे. पूर्वी अंतर्गत कर्जाच्या मागणीत शेळी, शिलाई मशीन, बी-बियाणं असायचं. आता अधूनमधून 'गादी' असंही येतं. कुणाची कंबर धरलेली असते, कुणाच्या सासूबाईंचं ऑपरेशन झालेलं असतं, कुणाची लेक बाळंतपणाला आलेली असते. मग मोबाइल पुढे येतो आणि विचारणा होते, "ताई, वेकफिटची घेऊ का स्लीपीकॅटची?" फोटो दोन्हीचे सारखेच. दोन्हीखाली चार-साडेचार चांदण्या. पैसे मात्र हजारांत जाणार, आणि हप्ता आपल्याच बचतीतून फिटणार. म्हणून घाईने एक नाव सांगण्यापेक्षा थोडं मागे जाऊन बघू.

आपल्याकडचं सगळ्यात जुनं अंथरूण म्हणजे वाकळ किंवा गोधडी. जुनी लुगडी, धोतरं एकावर एक घालायची आणि धावदोऱ्याने शिवायची. तिच्यात काय भरलंय हे विचारायची कुणाला गरज नव्हती. शिवणारी घरचीच, कापड घरचंच. कुठला पदर कुणाच्या लुगड्याचा, हेसुद्धा बायकांना पाठ असायचं.

त्यानंतर कापसाची गादी. ती घरोघरी नव्हती. पाहुण्यांसाठी, आजाऱ्यासाठी, बाळंतिणीसाठी एखादी असायची, आणि ऐपत असेल तर मुलीच्या आंदणात जायची. ती भरून द्यायला पिंजारी यायचा. कुठे त्यांना नदाफ म्हणतात, कुठे मन्सुरी. खांद्यावर धनुष्यासारखी मोठी पिंजण, तिला ताणून बांधलेली तात, हातात लाकडी दांडा. तातेवर दांडा पडला की टणत्कार व्हायचा आणि गुठळ्या झालेला कापूस सुटा होऊन उडायचा. हे सगळं आपल्या ओट्यावर, आपल्या डोळ्यांदेखत चालायचं. नवीन गादी असेल तर आधी कापूस तोलला जायचा. एका माणसाच्या गादीला साधारण आठ-दहा किलो. घरची म्हातारी बाजूला बसून असायची. मधूनच मूठभर कापूस उचलून बघायची की त्यात सरकी, कचरा किंवा जुना कुजका कापूस मिसळला नाही ना.

त्या म्हातारीचे तीन प्रश्न ठरलेले होते. आत काय भरतोस? किती किलो भरतोस? आणि गादी बसली तर पुन्हा पिंजायला कधी येशील? कापसाची गादी दोन-चार वर्षांत दडपून कडक व्हायची. मग पिंजारी परत यायचा, शिवण उसवायचा, तोच कापूस पिंजून पुन्हा भरून द्यायचा. खर्च फक्त मजुरीचा आणि लागलाच तर थोड्या नव्या कापसाचा.

पुढे गादीच्या पोटात दुसऱ्या वस्तू आल्या. १९२९ साली इंग्लंडमध्ये डनलॉप या टायर बनवणाऱ्या कंपनीत रबराच्या झाडाचा चीक फेसाळून त्याचा मऊ, भोकाभोकांचा फोम तयार झाला. अंडं फेटल्यावर फेस येतो ना, तसंच काहीसं. हे नाव इतकं रुळलं की आपल्याकडे अजूनही कित्येक जणी कुठल्याही फोमच्या गादीला डनलॉपची गादी म्हणतात.

१९३७ साली जर्मनीत ओटो बायर या रसायनशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पॉलियुरेथेन बनवण्याची रीत शोधली. आधी त्याचे वेगळे उपयोग झाले. १९५० च्या दशकात त्याचा मऊ फोम कारखान्यांतून निघू लागला. याला झाड लागत नाही. दोन मुख्य रसायनं एकत्र आली की मिश्रण भाकरीसारखं फुगतं आणि मोठा ठोकळा तयार होतो. तो कापून गादी, सोफा, गाडीची सीट होते. आज मोबाइलवर दिसणाऱ्या बहुतेक गाद्या याच कुळातल्या.

आणि मेमरी फोम? तोही पॉलियुरेथेनच. १९६६ साली अमेरिकेत नासा या संस्थेसाठी चार्ल्स योस्ट या अभियंत्याने विमानाच्या आसनांकरता तो तयार केला. दाबला की हळूहळू दबतो, सोडला की हळूहळू वर येतो. १९९० च्या दशकात त्याच्या गाद्या बाजारात आल्या. जाहिरातीत 'अंतराळातलं तंत्रज्ञान' असं म्हणतात ते यावरून. मूळ काम होतं खुर्चीच्या गादीचं.

आपल्या देशात मधल्या काळात काथ्याची गादी आली. नारळाच्या काथ्यावर रबराचा चीक फवारून ती करतात. कर्नाटकातली कर्लऑनची कंपनी १९६२ सालची. फोमवाली शीला फोम १९७१ सालची, तिचं बाजारातलं नाव स्लीपवेल. २०२३ मध्ये या शीला फोमनेच कर्लऑन विकत घ्यायचं ठरवून ती ताब्यात घेतली. म्हणजे दुकानात शेजारी-शेजारी लावलेली दोन नावं आता एकाच घरची आहेत. नावांवरून तुलना करताना हे लक्षात ठेवा.

शेवटचा बदल खोक्याचा. फोम यंत्रात दाबून, हवा काढून, गुंडाळी करून खोक्यात बसवता येऊ लागला. तशी गादी कुरिअरने पाठवणं परवडू लागलं. २०१४ साली न्यूयॉर्कमध्ये कॅस्पर नावाच्या कंपनीने हा धंदा गाजवला. आपल्याकडे २०१६ साली बेंगळुरूत वेकफिट आणि २०१७ साली मुंबईत स्लीपीकॅट सुरू झाली. गिऱ्हाईक दुकानात आडवं होऊन बघू शकत नाही, ही या विक्रीतली मोठी अडचण. तिच्यावर तोड म्हणून 'शंभर रात्री झोपून बघा, नाही आवडली तर परत' अशी बोली आली. या दोन्ही कंपन्यांनी तीच बोली पुढे केली.

आता हा सगळा प्रवास एका ओळीत बघा. गोधडी आपण स्वतः शिवली. कापसाची गादी आपल्यासमोर उघडली गेली. फोमची गादी मात्र बंद येते. वरचं कापड दिसतं, पोट दिसत नाही. म्हणजे म्हातारीचे तीन प्रश्न जुने झालेले नाहीत. उलट आता ते जास्त गरजेचे आहेत, आणि दोन कंपन्यांची तुलना त्याच तीन प्रश्नांनी करायची आहे.

पहिला प्रश्न, आत काय? इथे आधी एक गोष्ट. वेकफिट विरुद्ध स्लीपीकॅट अशी तुलना करूच नका. प्रत्येक कंपनीच्या स्वस्त-महाग अशा कितीतरी गाद्या असतात. एकीची साधी आणि दुसरीची भारी गादी समोरासमोर ठेवली तर निकाल खोटा लागेल. दोन्हीकडची एकेक गादी निवडा. लांबी, रुंदी, जाडी तीच ठेवा. मग पानावर खाली जाऊन थर वाचा. 'मेमरी फोम' एवढ्यावर थांबू नका. तो किती इंच आहे? बहुतेक गाद्यांत तो वरचा पातळ थर असतो. अंगाचा भार पेलतो तो खालचा जाड थर. तो कुठल्या फोमचा, हे महत्त्वाचं.

दुसरा प्रश्न, किती किलो? फोमच्या बाजारात याला 'डेन्सिटी' म्हणतात. एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि एक मीटर उंच ठोकळ्याचं वजन किती किलो, तो हा आकडा. हिशेब करून बघू. ७२ इंच लांब, ३६ इंच रुंद, ६ इंच जाड अशी एका माणसाची गादी घ्या. सगळा फोम २८ डेन्सिटीचा असेल तर तिचं वजन साधारण ७ किलो भरेल. ४० चा असेल तर साधारण १० किलो. बाहेरून दोन्ही अगदी सारख्या दिसतील, पण एकीत तीन किलो माल जास्त आहे. सहसा कमी डेन्सिटीचा फोम लवकर बसतो, कमरेखाली खळगा पडतो.

पण नुसत्या वजनावरही जाऊ नका. जसा जुन्या काळी कापसात कचरा मिसळता यायचा, तसं फोममध्येही वजन वाढवायला भुकटी मिसळता येते. फोमचे तुकडे चिकटवून केलेला थर तर खूपच जड असतो. म्हणून 'आत काय' आणि 'किती किलो' हे दोन्ही प्रश्न एकत्र विचारायचे. पानावर डेन्सिटी दिली नसेल तर कंपनीला लेखी विचारा. जी कंपनी थरवार आकडा देते तिला वहीत एक खूण जास्त. गादी आली की खोकं धान्याच्या काट्यावर ठेवा आणि पानावरच्या वजनाशी ताडून बघा.

डेन्सिटी म्हणजे कडकपणा नव्हे, हेही ध्यानात ठेवा. जड फोम मऊ असू शकतो. आणि कमरेला कडकच अंथरूण चांगलं, असं आपण ऐकत आलोय. २००३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्पेनमधल्या जुनाट कंबरदुखीच्या ३१३ जणांचा अभ्यास छापून आला. तीन महिन्यांनंतर कडक गादीवाल्यांपेक्षा मध्यम टणक गादीवाल्यांना जास्त आराम होता. म्हणून नुसतं 'ऑर्थोपेडिक' लिहिलंय म्हणून पैसे जास्त देऊ नका. त्या शब्दावरून आतला फोम कळत नाही. दुखणं मोठं असेल तर आधी डॉक्टर, मग गादी.

तिसरा प्रश्न, परत कोण येणार? पिंजारी परत यायचा. आता त्याच्या जागी वॉरंटीचा कागद आहे. दोन्हीकडच्या अटी मागवायच्या दिवशीच वाचा, कारण त्या बदलत असतात. आपल्या गावाच्या पिनकोडवर गादी परत न्यायला माणूस येतो का? परत देण्याआधी काही रात्री झोपावंच लागतं का? पैसे पूर्ण मिळतात का? खळगा किती खोल पडला तर वॉरंटी लागू होते? बहुतेक ठिकाणी डाग पडला किंवा गादी भिजली तर अडचण होते, म्हणून पहिल्या दिवसापासून वर खोळ घाला. खोकं उघडताना मोबाइलवर चित्रण करून ठेवा. बिल जपून ठेवा.

कायदाही आपल्या बाजूला आहे. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे ऑनलाइन विकणाऱ्याने परतीच्या, पैसे परत करण्याच्या आणि वॉरंटीच्या अटी आधीच दाखवायला हव्यात. तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत द्यायला हवी आणि महिन्याभरात ती सोडवायला हवी. तसं झालं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे १९१५.

फोम आपल्या घराला कसा मानवेल, हेही बघा. मेमरी फोम थंडीत घट्ट होतो, उन्हाळ्यात मऊ पडतो आणि अंगाची ऊब धरून ठेवतो. विदर्भ-मराठवाड्यातल्या मे महिन्यात, पत्र्याच्या घरात, हा विचार करायलाच हवा. कापसाच्या गादीसारखं फोमला कडक ऊन दाखवू नका. तो पिवळा पडतो, पुढे भुगा होतो. सावलीत हवेशीर ठेवा. आणि चूल, समई, निखारे यांच्यापासून लांब ठेवा, कारण हा फोम लवकर पेटतो आणि त्याचा धूर घातक असतो.

वहीचं एक पान मधोमध दुमडा. डाव्या बाजूला एक गादी, उजव्या बाजूला दुसरी. थर कुठले, डेन्सिटी किती, वजन किती, परत नेण्याची सोय कशी, वॉरंटी किती वर्षांची. शेवटी किमतीला त्या वर्षांनी भागा, म्हणजे वर्षाला गादी केवढ्याला पडते ते कळेल. त्याच पानावर तिसरा रकाना कापसाच्या गादीचा ठेवा. तालुक्याच्या गावी पिंजाईचं यंत्र असेल तर तिथला भाव लिहा. फोम बसला की टाकून द्यावा लागतो, कापूस पुन्हा पिंजता येतो. हा फरक किमतीत दिसत नाही, वर्षांच्या हिशेबात दिसतो.

पान भरल्यावर कुणाचा निकाल वेकफिटकडे लागेल, कुणाचा स्लीपीकॅटकडे, कुणी पिंजाऱ्याचा पत्ता शोधेल. तिन्ही निकाल बरोबर असू शकतात. फक्त पुढच्या बैठकीत गादीसाठी कर्जाची मागणी आली, तर अर्जासोबत हे पान जोडायला सांगा. गटातल्या सगळ्या जणींनी ते वाचावं, आणि सगळ्यात वयस्कर मावशींनी पहिला प्रश्न विचारावा, "अगं, किती किलोची आहे?"