बटण दाबा, गाडी कायदेशीर!

मागच्या शनिवारी एका मित्राबरोबर टायरवाल्याकडे गेलो होतो. त्यानं हौसेनं स्प्रिंग बदलून गाडी खाली बसवली, पण अलाइनमेंट करायचं राहूनच गेलं. पुढचे दोन्ही टायर आतल्या कडेनं पार तारेपर्यंत झिजलेले! गाडी खाली आली की सस्पेन्शनच्या आर्मचे कोन बदलतात. चाकाचं वरचं टोक आत कलतं, हा कॅम्बर. चाकांची तोंडंही किंचित वळतात, हा टो. मग टायर फिरण्याऐवजी घासत जातो.

तिथे उभ्या उभ्या मला आठवले ते कॅलिफोर्नियाचे लोरायडर.

दुसऱ्या महायुद्धानंतर लॉस एंजेलिसमधल्या मेक्सिकन वंशाच्या पोरांच्या हाती जुन्या शेवरोले आल्या. बाकीची पोरं गाड्या पळवण्याच्या मागे. यांनी उलटंच केलं. गाडी खाली आणि चाल संथ. डिकीत वाळूची पोती टाक, स्प्रिंगची वेटोळी काप, असले उद्योग! मग व्हिटियर बुलेव्हार्डवर रमतगमत चक्कर. ज्या शहरात आपल्याला कुणी मोजत नाही, तिथे लोकांनी निदान मान वळवून बघावं, एवढंच.

१९५८ मध्ये कॅलिफोर्नियात कायदा लागू झाला, कलम २४००८. बदल केलेल्या गाडीचा कुठलाही भाग रिमच्या खालच्या कडेच्या खाली नको. कागदावर सुरक्षेचा नियम. रस्त्यावर मात्र या पोरांना अडवायला पोलिसांना आयतं निमित्त.

१९५९ मध्ये रॉन अग्वायरे नावाच्या तरुणानं यावर उपाय काढला. विमानांच्या भंगारातले हायड्रॉलिक पंप आणि व्हॉल्व्ह त्यानं आपल्या 'एक्स-सॉनिक' नावाच्या कॉर्व्हेटला बसवले. बटण दाबलं की तेलाच्या दाबानं गाडी वर. दाब सोडला की खाली. पोलीस दिसले की वर, गेले की खाली! आमच्या भाषेत सांगायचं तर कायद्यानं उंची हार्डकोड केली होती, यानं ती रनटाइमला बदलणारी करून टाकली.

पण गंमत पुढेच आहे. अलाइनमेंट एकाच उंचीला बरोबर बसतं, आणि इथे तर उंचीच ठरलेली नाही. गाडी खूप वर उचलली की वरचा आर्म उभट होतो आणि चाकाचं डोकं आत ओढतो. म्हणून लोरायडरवाले वरचा आर्म कापून, वेल्डिंग करून, साधारण इंचभर लांब करतात. मग वर उचलल्यावर चाक सरळ दिसतं, पण खाली आल्यावर तेच बाहेर कलतं. म्हणजे दोन्हीकडून फायदा नाहीच. पोलिसांना चुकवता येतं, भूमितीला नाही!

पुढे अनेक शहरांनी नुसत्या चकरा मारण्यावरही बंदी घातली. आणि २०१७ मध्ये १९६४ ची इम्पाला 'जिप्सी रोझ' हीच लोरायडर अमेरिकेच्या ऐतिहासिक वाहनांच्या राष्ट्रीय नोंदवहीत गेली, वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉलवर काचेच्या पेटीत मांडली गेली. राजधानीत सन्मान, पण घरच्या रस्त्यावर गुन्हा! कॅलिफोर्नियानं खाली बसवलेल्या गाड्यांवरची आणि चकरांवरची बंदी उठवली ती १ जानेवारी २०२४ पासून. तब्बल ६६ वर्षं लागली. कमरेएवढ्या उंचीच्या गाडीची एवढी धास्ती कशाची होती, हे आपलं आपण ओळखावं.

असो. मित्राला सांगितलंय, बाबा रे, तुझ्याकडे पंप नाही. एक उंची ठरव आणि त्याच उंचीला अलाइनमेंट करून घे. नवे टायर त्याच्याच खर्चानं!