फोर्ट लॉडरडेल: अखेरचे 48 तास

बेसबॉल आणि उत्तेजकं म्हटलं की नावं ठरलेली असतात: बॅरी बाँड्स, मार्क मॅग्वायर, सॅमी सोसा. विक्रम, चौकशा, काँग्रेससमोरच्या साक्षी, हॉल ऑफ फेमचे बंद दरवाजे. या यादीत स्टीव्ह बेकलर कधी येत नाही. मेजर लीगमध्ये तो जेमतेम तीन सामने खेळला, तेही सप्टेंबर 2002 मध्ये, आणि तिन्ही मिळून पाच इनिंगही त्याच्या वाट्याला आल्या नाहीत. त्याने कुठलाही नियम मोडला नव्हता. मोडायला नियमच नव्हता, म्हणून त्याचे शेवटचे दोन दिवस तासांच्या हिशेबाने मांडायला हवेत.

शनिवार, 15 फेब्रुवारी 2003, सकाळ. उरले साधारण 48 तास.

फेब्रुवारीत मेजर लीगचे निम्मे संघ फ्लोरिडात आणि उरलेले ॲरिझोनात जमतात. याला स्प्रिंग ट्रेनिंग म्हणतात. आधी पिचर आणि कॅचर येतात, बाकीचे मागाहून. बॉल्टिमोर ओरिओल्सचा तळ फोर्ट लॉडरडेलमध्ये होता. त्या संघाचा 23 वर्षांचा पिचर बेकलर ऑरेगॉनमधल्या मेडफर्डचा, म्हणजे थंडीतून थेट दमट किनाऱ्यावर आलेला. वजन 108 किलोच्या घरात. त्या सकाळच्या धावण्याच्या सरावात तो मागे पडला, ठरलेलं अंतर त्याला पूर्ण करता आलं नाही. मॅनेजर माइक हारग्रोव्ह यांच्या ते नजरेत आलं.

हे नजरेत येणं किती महागात पडू शकतं, ते आकड्यांतून कळतं. त्या वर्षी मेजर लीगमधल्या खेळाडूचा किमान पगार 3 लाख डॉलर होता. एक पायरी खाली, ट्रिपल-ए मध्ये, महिन्याला काही हजार डॉलर मिळत, तेही हंगामापुरते. मोसम सुरू होताना संघात जागा फक्त 25. बेकलरची पत्नी सात महिन्यांची गरोदर होती. अंगावरची चरबी पुढच्या काही आठवड्यांत उतरली नाही, तर पुन्हा खाली जावं लागेल, हे त्याला कुणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

शनिवार दुपार ते रात्र. 44 ते 34 तास.

वैद्यकीय तपासणीत पुढे असं निघालं, की आदल्या एक-दोन दिवसांत त्याच्या पोटात धड अन्न नव्हतं. वजन उतरवायचं म्हणून त्याने खाणं जवळजवळ सोडलं होतं. रक्तदाब थोडा चढा होता, यकृताच्या चाचण्यांतही दोष दिसला होता. मैदानावर त्याला फक्त लठ्ठ झालेला पिचर म्हणून पाहिलं जात होतं.

रविवार सकाळ. साधारण 26 तास.

सरावाआधी त्याने तीन गोळ्या घेतल्या. झेनाड्रीन आरएफए-1 हे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय, दुकानात उघड मिळणारं वजन घटवण्याचं पूरक. त्यातला मुख्य घटक एफेड्रा. ही वनस्पती चिनी वैद्यकात मा हुआंग म्हणून जुनी आहे. दमा, सर्दी यांवर ती वापरली जाते. तिच्यातलं एफेड्रीन हृदयाचे ठोके वाढवतं, भूक मारतं, थकवा जाणवू देत नाही, शरीरात जास्त उष्णता तयार करतं. त्याच वेळी त्वचेकडच्या रक्तवाहिन्या आकसवतं, म्हणजे ती उष्णता बाहेर पडायची वाटही अरुंद करतं. कुकरची शिट्टी दाबून धरायची आणि खालची आच वाढवायची, तसं हे.

इथे घड्याळ थांबवून नियमांकडे बघावं लागतं. एफेड्रावर त्या दिवशी अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगमध्ये बंदी होती. कॉलेजांच्या स्पर्धा चालवणाऱ्या एनसीएएची बंदी होती. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीची होती. मेजर लीग बेसबॉलची नव्हती. बेसबॉलने त्याच वर्षी पहिल्यांदा स्टेरॉइडची चाचणी सुरू करायचं ठरवलं होतं, पण ती निनावी पाहणी होती. किती टक्के खेळाडू दोषी निघतात ते आधी मोजायचं, शिक्षेचं नंतर पाहायचं. उत्तेजक गोळ्यांचा त्यात समावेशच नव्हता. ‘ग्रीनीज’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ॲम्फेटामिनच्या गोळ्या तर पिढ्यान्‌पिढ्या क्लबहाउसमध्ये फिरत होत्या.

सरकारी बाजू याहून ढिली. 1994 च्या पूरक आहार कायद्याने उत्पादकाला विक्रीआधी सुरक्षितता सिद्ध करण्याच्या बंधनातून मोकळं केलं होतं. माल घातक आहे, हे सिद्ध करण्याचं ओझं अन्न व औषध प्रशासनावर, म्हणजे एफडीएवर. बळी जमा झाल्यावरच हलायचं, असाच त्याचा अर्थ. 1998 च्या उन्हाळ्यात होमरनच्या विक्रमामागे धावणाऱ्या मॅग्वायरच्या लॉकरमध्ये एका पत्रकाराला अँड्रोस्टेनडायोन या पूरकाची बाटली दिसली होती. तीही याच कायद्याच्या छायेत, उघड विकली जाणारी. तेव्हा बाटली पाहणाऱ्या पत्रकारावरच टीका झाली आणि मॅग्वायर 70 होमरनपर्यंत पोहोचला. लीगला धडा घ्यायला साडेचार वर्षं मिळाली होती. ती तिने वाया घालवली, असं माझं स्पष्ट मत आहे.

रविवार, दुपारच्या सुमारास. 23 ते 22 तास.

तापमान 27 अंशांच्या आसपास. मुंबईकराला हा उन्हाळा वाटणारही नाही. पण हवा दमट होती, घाम सुकत नव्हता, आणि या माणसाला त्या हवेची सवय नव्हती. सराव आटोपत आला, की धावण्याच्या फेऱ्या असतात. त्या चालू असताना बेकलरचा रंग उतरला, पाय चालेनासे झाले. त्याला गाडीवर घालून मैदानाबाहेर नेलं, तिथून रुग्णालयात.

त्याच्या शरीराचं तापमान 108 अंश फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे 42 सेल्सियसच्या वर गेलं. या पातळीला पेशींमधली प्रथिनं बिघडू लागतात, स्नायू विरघळून त्यांचा कचरा मूत्रपिंडात अडकतो, रक्ताची गोठण्याची व्यवस्था कोसळते. उष्माघातात पहिला अर्धा तास सर्वांत मोलाचा. रोग्याला गळ्यापर्यंत बर्फाच्या पाण्यात बसवून ताप उतरवला, तर वाचण्याची शक्यता मोठी असते. वेळ जसजसा जातो, तसतसं काम मैदानातून अतिदक्षता विभागाकडे सरकतं आणि डॉक्टरांच्या हातात कमी कमी उरतं.

रविवार रात्र. 14 ते 4 तास.

एकेक अवयव निकामी होत गेला. हारग्रोव्ह यांच्यावर स्प्रिंग ट्रेनिंगमध्ये असा प्रसंग दुसऱ्यांदा आला होता. दहा वर्षांपूर्वी, मार्च 1993 मध्ये, ते क्लीव्हलंडचे मॅनेजर असताना त्यांचे दोन पिचर, स्टीव्ह ओलिन आणि टिम क्रूज, फ्लोरिडातल्याच एका तळ्यात बोटीच्या अपघातात गेले होते. तो अपघात होता. या वेळी बेकलरच्या लॉकरमध्ये झेनाड्रीनची बाटली होती.

सोमवार, 17 फेब्रुवारी, सकाळी 10 वाजून 10 मिनिटं.

स्टीव्ह बेकलरचा मृत्यू झाला.

त्यानंतर.

ब्रोवर्ड काउंटीचे वैद्यकीय परीक्षक जोशुआ पर्पर यांनी लगेचच एफेड्राकडे बोट दाखवलं आणि बेसबॉलने त्यावर बंदी घालावी असं सुचवलं. मार्चमध्ये रक्ताचा अहवाल आला, त्यात एफेड्राचं लक्षणीय प्रमाण सापडलं. पर्पर यांनी एकट्या गोळीला दोष दिला नाही, हे प्रामाणिकपणे नोंदवायला हवं: वजन, रक्तदाब, यकृत, उपाशी पोट, हवेची सवय नसणं, हे सगळं त्यांच्या यादीत होतं. उत्पादक कंपनीने याच बाबींवर बोट ठेवून जबाबदारी नाकारली. मला हा बचाव पटत नाही. ही गोळी विकत घेणारा माणूस वजनाने त्रासलेला, अर्धपोटी राहणारा आणि घाम गाळणारा असणार, हे ती विकणाऱ्याला ठाऊक नसेल कसं? तिचं गिऱ्हाइक तेच होतं.

एप्रिलमध्ये बेकलरची मुलगी जन्माला आली. विधवा पत्नीने कंपनीवर दावा लावला. नोव्हेंबरमध्ये निनावी पाहणीचा निकाल आला: पाच टक्क्यांहून अधिक खेळाडू स्टेरॉइडच्या चाचणीत दोषी. त्यामुळे पुढच्या मोसमापासून नावानिशी चाचण्या सुरू झाल्या. एफेड्रायुक्त पूरकांवर एफडीएची देशव्यापी बंदी लागू व्हायला 12 एप्रिल 2004 उजाडलं. ॲम्फेटामिनसाठी बेसबॉलने 2006 पर्यंत वाट पाहिली.

लीगने मात्र बेकलरच्या मृत्यूनंतर काही दिवसांतच एफेड्रावर बंदी जाहीर केली होती. ती मायनर लीगच्या खेळाडूंपुरती होती, कारण मेजर लीगच्या खेळाडूंना त्यांच्या संघटनेच्या संमतीशिवाय हात लावता येत नव्हता आणि ती संमती मिळाली नव्हती. 2003 चा मोसम सुरू झाला, तेव्हा ज्या 25 जणांत बसण्यासाठी बेकलर धावत होता, त्यांच्यापैकी कुणालाही ती बाटली लॉकरमध्ये ठेवण्याची मुभा होती.